कोयनेच्या खडकातला डीएनए कुणाचा?

प्रकरण असं आहे. कोयना परिसरात २०१२ ते २०१४ या काळात भूगर्भाच्या अभ्यासासाठी नऊ बोअर घेतले गेले, सुमारे १५०० मीटर खोलीपर्यंतचे. त्यांतून वर आलेल्या खडकाच्या गाभ्यांचे काही तुकडे आयआयटी खरगपूरच्या पिनाकी सार यांच्या गटाने तपासले. २०१८ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात त्यांनी मांडलं की या खडकात सूक्ष्मजीवांचा डीएनए आहे. वरच्या बेसॉल्टमध्ये आहे आणि त्याखालच्या ग्रॅनाइटमध्येही आहे. दख्खनच्या पाषाणाच्या पोटातल्या जीवसृष्टीबद्दलचा हा पहिला अहवाल.

मी कराडला पदवीच्या मुलांना मायक्रोबायोलॉजी शिकवतो. हे प्रकरण वर्गात घेतो ते परग्रहावरच्या जीवनशोधाचं प्रकरण म्हणून. मंगळाचा खडक उद्या प्रयोगशाळेत आला तर पहिल्याच दिवशी जो प्रश्न उभा राहणार आहे, तो इथे आधीच उभा आहे: जे सापडलं ते खडकाचं, की खडक काढणाऱ्यांचं?

बोअर कशासाठी घेतले

कोयना धरणात १९६२ पासून पाणी साठू लागलं आणि भागात हादरे जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे १८० माणसं गेली. जलाशयामुळे चाळवल्या गेलेल्या भूकंपांत तो जगातला सर्वांत मोठा मानला जातो. पाटणकडची मुलं वर्गात असली की ही तारीख मला फळ्यावर लिहावी लागत नाही. घरी आज्जीकडून ऐकलेली असते. हादरे त्यानंतर थांबले नाहीत. ते येतात साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या लहानशा टापूतून आणि १० किलोमीटरपेक्षा कमी खोलीवरून, म्हणजे यंत्रं नेऊन जवळून अभ्यास करता येईल अशा जागेतून. म्हणून केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने खोल बोअरचा प्रकल्प हाती घेतला. कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी उभी राहिली. २०१६-१७ मध्ये गोठणे इथे ३ किलोमीटरचा बोअर झाला.

प्रकल्पाचा मुख्य हेतू भूकंप हा आहे. खोदाईची आखणी प्रस्तरभंग, दाब, तापमान डोळ्यांसमोर ठेवून झाली. सूक्ष्मजीव शोधणाऱ्याला खडक निर्जंतुक अवस्थेत हवा असतो, आणि एवढ्या खोलीवरचा खडक निर्जंतुक अवस्थेत काढणं कुणालाच जमत नाही. पुढचा सगळा गुंता इथून सुरू होतो.

खाली काय आहे

विहिरी खणणाऱ्यांना आपल्याकडचा खडक पाठ असतो. मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे सच्छिद्र खडक, मग काळा पाषाण, पुन्हा मांजऱ्या. लाव्हारस थरावर थर पसरत गेला, प्रत्येक थराच्या माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकून खडक सच्छिद्र झाला आणि पोटात तो घट्ट राहिला. पुढे त्या छिद्रांत झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी भरत गेली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा गोठणे इथे साधारण सव्वा किलोमीटर जाड आहे. त्याच्याखाली, मध्ये गाळाचा थर न लागता, एकदम जुना ग्रॅनाइट. त्याचं वय २५० कोटी वर्षांच्या पलीकडचं.

तिथे ऊन नाही आणि सेंद्रिय कर्ब नगण्य. मग खाणार काय? लोहयुक्त खनिजांची पाण्याशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो. शिवाय ग्रॅनाइटमधल्या युरेनियम, थोरियमच्या किरणोत्साराने पाण्याचे रेणू फुटूनही हायड्रोजन मिळतो. हायड्रोजन, सल्फेट आणि कार्बन डायऑक्साइड एवढ्यावर काही जीवाणूंचा संसार चालतो. दक्षिण आफ्रिकेतल्या म्पोनेंग सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोलीवरच्या पाण्यात डेसल्फोरुडिस ऑडॅक्सव्हिएटर हा जीवाणू जवळजवळ एकटा राहताना सापडला. २००८ मध्ये त्याचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला. सूर्याशी काही देणंघेणं नसलेली जीवसृष्टी शक्य आहे, याचा तो भक्कम पुरावा.

मंगळाचा संबंध इथे येतो. मंगळाचं कवच प्रामुख्याने बेसॉल्टचंच आहे. पृष्ठभाग कोरडा, गोठलेला, किरणोत्साराने भाजलेला. पण खोलवर गेलं तर ऊब आहे आणि किरणांपासून आडोसा आहे. इनसाइट यानाने नोंदवलेल्या भूकंपलहरींवरून २०२४ मध्ये एका गटाने असा निष्कर्ष काढला की ११.५ ते २० किलोमीटर खोलीवरच्या भेगाळलेल्या खडकात द्रवरूप पाणी असावं. मंगळावर आज काही जिवंत असेल तर ते अशाच ठिकाणी असेल, हे मला पटतं. आणि बेसॉल्टच्या पोटात जीव कसा तग धरतो हे पाहायचं तर कोयनेसारखी जागा शोधून सापडणार नाही.

शंका

खोदाई करताना बिट, म्हणजे खडक कापणारं टोक, थंड ठेवायला आणि चुरा वर आणायला पाणी, बेंटोनाइट माती आणि इतर पदार्थांचं मिश्रण सतत खाली सोडावं लागतं. आमच्याकडे त्याला सरळ मड म्हणतात. हे पाणी निर्जंतुक नसतं. ओढ्याच्या एका मिलीलीटर पाण्यात लाखो जीवाणू सहज असतात, आणि खोल खडकात ते इतके विरळ असतात की एका ग्रॅमात काहीशे सापडले तरी संशोधक खूश होतो. म्हणजे मडचा एक थेंब भेगेतून आत गेला तरी खडकातल्या मूळ रहिवाशांचा आवाज त्यात बुडून जातो. त्यावर हाताळणाऱ्यांची त्वचा, पेटीतली धूळ आणि प्रयोगशाळेतली हवा यांची भर पडते.

मुलांना हे सांगून कळत नाही, दाखवावं लागतं. खडी क्रशरवरून आणलेले दोन दगड, एक घट्ट काळा पाषाण आणि एक मांजऱ्या, आम्ही लाल शाईच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवतो. सकाळी धुऊन, पुसून छिन्नीने फोडतो. काळा पाषाण आतून कोरा निघतो. फक्त एका बाजूला, डोळ्यांना बाहेरून न दिसलेल्या केसाएवढ्या चिरेतून शाई आत गेलेली असते, सरळ रेषेत, दोन-तीन सेंटीमीटर. मांजऱ्याच्या पोटात मात्र लाल ठिपकेच ठिपके. पांढऱ्या झिओलाइटच्या कडेकडेने शाई फिरलेली असते. मुलं भिंग लावून पाहतात आणि मग विचारतात, "सर, मग आतला भाग स्वच्छ आहे हे ठरवायचं कुणी?" तिथून खरा तास सुरू होतो.

संशोधक हाच प्रयोग जास्त काटेकोरपणे करतात. मडमध्ये चमकणारे सूक्ष्म मणी किंवा निसर्गात न आढळणारी फ्लोरिनयुक्त रसायनं मिसळायची आणि ती गाभ्यात किती आत शिरली ते मोजायचं, ही पद्धत समुद्रतळाच्या खोदाईत रुळलेली आहे. गाभ्याचा बाहेरचा थर निर्जंतुक हत्यारांनी काढून टाकायचा आणि मधला भागच दळायचा, हे तर सगळीकडेच करतात.

एवढं करूनही एक चोरवाट उरते. डीएनए वेगळा करायची जी किट बाजारात मिळतात, त्यांतल्या द्रावणांतच जीवाणूंच्या डीएनएचा अंश असतो. २०१४ मध्ये एका ब्रिटिश गटाने हे नीट दाखवून दिलं. भरपूर जीवाणू असलेल्या नमुन्यात हा अंश दिसत नाही. जिथे नमुन्यातच जवळजवळ काही नाही तिथे किटमधलंच सगळं समोर येतं. रॅल्स्टोनिया, ब्रॅडीरायझोबियम, स्फिंगोमोनास, स्यूडोमोनास ही त्यातली नेहमीची नावं. रिकामी नळी, म्हणजे आमच्या भाषेत ब्लँक, नमुन्यासोबत शेवटपर्यंत चालवली नाही तर निकालावर माझा विश्वास बसत नाही. या बाबतीत मी वर्गात कडक आहे आणि राहणार.

पुरावा कशाचा

आता कोयनेच्या निष्कर्षांकडे येऊ. अहवालानुसार खडकात अल्फा, बीटा आणि गॅमा प्रोटिओबॅक्टेरिया, अ‍ॅक्टिनोबॅक्टेरिया आणि फर्मिक्युट्स या जीवाणूगटांचं प्राबल्य आहे; आर्कियांमध्ये, म्हणजे जीवाणूंहून वेगळ्या कुळातल्या एकपेशीय सूक्ष्मजीवांमध्ये, युरीआर्किओटा. खोली वाढली म्हणून संख्या कमी झालेली दिसत नाही.

जाणकार इथे थबकतो. किटमधून येणाऱ्या नेहमीच्या पाहुण्यांची नावं वर दिली, ती सगळी प्रोटिओबॅक्टेरियातलीच. त्यात संख्या खोलीप्रमाणे बदलत नसेल, तर "सगळीकडे सारखीच पार्श्वभूमी मोजली गेली" असा अर्थही कुणी काढू शकतो. अहवालातल्या एवढ्याच दोन गोष्टी पाहिल्या तर मी निकाल राखून ठेवला असता.

पण पारडं दुसरीकडे झुकवणाऱ्या गोष्टी त्याच अहवालात आहेत. बेसॉल्ट आणि ग्रॅनाइट यांतलं सल्फेट-नायट्रेटचं प्रमाण वेगवेगळ्या रीतीने बदलतं आणि दोन्हींतले जीवसमूहही वेगळे पडतात. सामायिक गट जवळजवळ नाहीतच. सल्फेट वापरणाऱ्या जीवाणूंचं डीएसआर-बी जनुक आणि मिथेन तयार करणाऱ्या आर्कियांचं एमसीआर-ए जनुक बेसॉल्टमध्ये ग्रॅनाइटपेक्षा किमान दहापट अधिक आढळलं. मड एकच, किट एकच, हात तेच. मग खडक बदलल्यावर जनुकं का बदलावीत? बाहेरची घाण खडक पाहून वागत नाही. शिवाय एमसीआर-ए बाळगणारे आर्किया प्राणवायूत तग धरत नाहीत, ते खेळत्या ओढ्याच्या पाण्यात किंवा माणसाच्या हातावर सहसा मिळत नाहीत. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत वजनदार पुरावा हाच आहे. कुठला जीवाणू सापडला याला मी दुय्यम मानतो. तो ज्या खडकात सापडला त्या खडकाच्या रसायनाशी त्याचा मेळ बसतो का, ते महत्त्वाचं. २०१९ मध्ये फक्त आर्कियांवर आलेल्या अभ्यासात बेसॉल्ट, मधला झिजलेला ग्रॅनाइट आणि खालचा ताजा ग्रॅनाइट अशी तीन स्तरांत तुलना झाली. तीही याच दिशेची चौकशी आहे. २०२२ मध्ये ३ किलोमीटरच्या बोअरमधल्या ग्रॅनाइटी पायाखडकावरचं कामही प्रसिद्ध झालं.

एक प्रश्न मात्र डीएनएने सुटत नाही. डीएनए सापडला म्हणजे जीव जिवंत आहे असं होत नाही. मेलेल्या पेशीचा डीएनए खनिजाला चिकटून बराच काळ राहतो. जिवंतपणा सिद्ध करायचा तर भेगेतलं पाणी आणि वायू हवेत, त्यांतल्या हायड्रोजन-मिथेनची समस्थानिकं मोजायला हवीत, आणि खूण केलेलं अन्न देऊन कोणती पेशी ते उचलते हे बघायला हवं. अमेरिकेतल्या कोलंबिया नदीच्या बेसॉल्टमध्ये हायड्रोजनवर जगणारी जीवसृष्टी असल्याचा दावा १९९५ मध्ये झाला होता. तीनच वर्षांत दुसऱ्या गटाने दाखवलं की तिथल्या परिस्थितीत खडकातून तेवढा हायड्रोजन सुटतच नाही. तो वाद लक्षात ठेवून कोयनेबद्दल बोलावं.

हाच प्रश्न, पृथ्वीबाहेर

१९६९ मध्ये अपोलो १२ च्या अंतराळवीरांनी चंद्रावरून सर्व्हेयर ३ यानाचा कॅमेरा परत आणला. त्यात स्ट्रेप्टोकोकस मायटिस, म्हणजे आपल्या तोंडात असणारा जीवाणू सापडला. तो अडीच वर्षं चंद्रावर जगला, ही गोष्ट पुढे वर्षानुवर्षं सांगितली गेली. नंतर तपासणीच्या वेळची हाताळणी बारकाईने पाहिल्यावर तो बहुधा प्रयोगशाळेतच शिरला असं मत बनलं.

अंटार्क्टिकात १९८४ मध्ये मिळालेल्या एएलएच ८४००१ या मंगळाच्या अशनीत जीवाच्या खुणा असल्याचा दावा १९९६ मध्ये झाला. दोन वर्षांत दिसून आलं की त्यातली अमिनो आम्लं बर्फाच्या पाण्यातून आत शिरलेली आहेत आणि सेंद्रिय कर्बाचा बराच भाग पृथ्वीवरचाच आहे.

सर्वांत ताजं उदाहरण र्‍युगूचं. हायाबुसा २ यानाने डिसेंबर २०२० मध्ये या लघुग्रहाची सुमारे ५.४ ग्रॅम माती आणली. ती बंद पेटीत, नायट्रोजनमध्ये जपली गेली. तरी लंडनला गेलेल्या एका कणावर जीवाणूंचे तंतू वाढलेले दिसले. २०२४ मध्ये तिथल्या संशोधकांनी स्वतःच प्रसिद्ध केलं की हे जीवाणू पृथ्वीवरचे आहेत. कण तपासणीसाठी तयार करताना ते चढले, वाढले आणि मग ओसरले. एवढी खबरदारी घेऊन हे घडतं, तर मडने भिजलेल्या गाभ्याबद्दल किती जपून बोलायला हवं ते उघड आहे.

उलटी बाजूही आहे आणि ती सहसा कुणी सांगत नाही. १९७६ मध्ये व्हायकिंग यानांना मंगळाच्या मातीत क्लोरोमिथेनसारखी संयुगं मिळाली. ती सफाईच्या द्रावकांतून आली असं म्हणून बाजूला ठेवली गेली. २००८ मध्ये फीनिक्स यानाने मंगळाच्या मातीत परक्लोरेट हा क्लोरिनयुक्त क्षार शोधला आणि मग लक्षात आलं की परक्लोरेट असलेली माती तापवली की तिच्यातले सेंद्रिय पदार्थ जळून नेमकी अशीच संयुगं तयार होऊ शकतात. कदाचित मंगळाचे सेंद्रिय रेणू हातात होते आणि आपणच ते "दूषित" म्हणून टाकून दिले. दूषिततेचा आरोपही पुराव्यानेच करावा लागतो.

सध्या मंगळावर

पर्सिव्हिअरन्स रोव्हरने जुलै २०२४ मध्ये जेझेरो विवरात चेयावा फॉल्स नावाच्या खडकावर गडद कडांचे ठिपके पाहिले. त्याचा नमुना सॅफायर कॅनियन या नावाने नळीत बंद आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या निबंधात ठिपक्यांत व्हिव्हियानाइट हे लोहाचं फॉस्फेट आणि ग्रेगाइट हे लोहाचं सल्फाइड असल्याच्या खुणा मांडल्या गेल्या. पृथ्वीवर गाळात जीवाणू सेंद्रिय पदार्थ खाताना अशी खनिजं तयार करतात. जीवाशिवायही ती होऊ शकतात. म्हणून लेखकांनी "संभाव्य जीवखूण" एवढाच शब्द वापरला. तो योग्य आहे, आणि आपल्याकडे आलेल्या मथळ्यांपेक्षा खूप सावध आहे.

इथे दूषिततेचा प्रश्न तूर्त गौण आहे, कारण खनिजं खडकात जागच्या जागी पाहिली गेली. नळी पृथ्वीवर उघडेल तेव्हा तो पहिला होईल. त्याची तयारी रोव्हर पाठवतानाच केलेली आहे: ४३ नळ्यांपैकी ५ साक्षीदार नळ्या आहेत. त्यांत खडक भरायचा नाही. नमुना घेताना रोव्हरच्या आसपास पृथ्वीवरून आलेलं जे काही असेल ते तेवढं त्यांच्यात टिपायचं. ही आमची ब्लँकच, मंगळावर नेलेली. नमुने परत आणण्याचा कार्यक्रम मात्र खर्चाच्या डोंगराखाली अडकला आहे. २०२४ मध्ये अंदाज ११ अब्ज डॉलरपर्यंत गेला होता. नळ्या भरलेल्या आहेत आणि आणायला कुणी नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कोयनेत पुढे काय बघायचं

प्रकल्पाचं उद्दिष्ट ६ किलोमीटरपर्यंत जायचं आहे. त्या खोलीवर तापमान १३० ते १५० अंश सेल्सिअस असेल असा अंदाज आहे. आणि आजवर माहीत असलेल्या कुठल्याही जीवाची वाढीची कमाल मर्यादा १२२ अंश आहे. समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांजवळच्या मिथॅनोपायरस कांडलेरी या आर्कियाने प्रयोगशाळेत ती गाठली. म्हणजे साधारण ५ किलोमीटरच्या आसपास कुठेतरी बोअर अशा खडकात शिरेल जिथे आपल्या ओळखीचं काही वाढू नये.

माझ्या दृष्टीने हा या प्रकरणातला सर्वांत मोलाचा टप्पा आहे. त्याच मडने, त्याच पथकाने, त्याच किटने त्या तापलेल्या ग्रॅनाइटचा गाभा तपासावा. वरच्या थरांत सापडलेले जीवसमूह तिथेही त्याच प्रमाणात मिळाले, तर वरचेही बाहेरूनच आले असं मानावं लागेल आणि २०१८ चा निष्कर्ष नव्याने तपासावा लागेल. तिथे ते मिळाले नाहीत, आणि १२२ अंशांच्या रेषेकडे जाता जाता संख्या घटत गेली, तर वरचा डीएनए खडकाचाच आहे हे सांगायला याहून चांगली ब्लँक कुठल्याही प्रयोगशाळेत बनवता येणार नाही. त्यासाठी गाभे वर येतील त्या क्षणी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बोअरपाशी हजर हवा, मडचा नमुना दर पाळीला गोठवून ठेवायला हवा, आणि हे सगळं खोदाईच्या आराखड्यातच लिहिलेलं असायला हवं.